लपविलेले मातृत्व आणि आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त नंदनवन, नागपूर येथे भरलेल्या सभेत एका निवृत्त परिचारिकेने दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी विदुषी नव्हे. माझे बहुतेक आयुष्य प्रसूतिगृहात परिचारिकेचे काम करण्यात गेले, आणि त्या कामाने जे शिकविले त्यापलीकडे मजपाशी फारसे ज्ञान नाही. विषयाची निवड मजवर सोपविली होती. मी निवडलेला विषय ऐकून एका स्नेही बाईंनी विचारले, "अहो, आनंदाच्या दिवशी असला विषय कशाला काढता?" प्रश्न रास्त होता. तथापि त्याचे उत्तर महोत्सव या शब्दातच आहे असे मला वाटते. लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षाचा जो महोत्सव सांगितला आहे, त्यात देशभर मुक्ततेची घोषणा करावी व जो कोणी आपल्या घरापासून तुटला असेल त्याने आपल्या कुळात परत यावे अशी आज्ञा आहे. यास्तव महोत्सवाच्या दिवशी कोण कोण आले याची मोजदाद करणे जसे योग्य, तसेच कोण आले नाही आणि का आले नाही, हे विचारणेही योग्य होय.

न येणाऱ्यांपैकी एकीविषयी आज मला बोलावयाचे आहे. ती म्हणजे विवाहावाचून माता झालेली स्त्री.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मी रात्रपाळीवर असता सुमारे १९ वर्षांच्या एका मुलीला तिच्या आईने आमच्याकडे आणले. मुलगी अविवाहित होती. आठवा महिना सरत आला होता, आणि तेवढ्या अवधीत तिला एकदाही कोणा डॉक्टरला दाखविले नव्हते. पोट दिसू नये म्हणून ती ते कापडाने आवळून बांधीत असे. तोंडावर व पायांवर सूज होती, रक्तदाब भयंकर वाढलेला होता, आणि खाटेवर घेईपर्यंत तिला झटका आला. आमची धावपळ चालली असता तिच्या आईने माझा हात घट्ट धरला आणि विचारले, "बाई, कुणाला कळणार तर नाही ना?"

मुलगी जगेल का, हा तिचा पहिला प्रश्न नव्हता. मुलगी जगली. मूल जगले नाही. पहाटे ती आई ओसरीत भिंतीला टेकून, पदर तोंडात धरून रडत बसलेली मला दिसली, तेव्हा मला उमजले की ही बाई निष्ठुर नव्हे, ही भ्यालेली आहे. आणि तिला भय कोणाचे होते? शेजाऱ्यांचे, नातलगांचे, रविवारी मिस्साच्या वेळी आपल्या बाकावर बसणाऱ्यांचे. कारण ते कुटुंब आपल्यासारखेच ख्रिस्ती होते. म्हणजे तिला भय होते ते तुमचे आणि माझे. मी स्वतः त्याच्या थोडेच दिवस आधी अशाच दुसऱ्या एका मुलीविषयी चारचौघींत नाक मुरडून बोलले होते. त्या पहाटेपासून तसे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही.

रक्तदाब मोजणे व लघवी तपासणे एवढ्या साध्या गोष्टींनी हा रोग पुष्कळदा वेळीच ओळखता येतो आणि आवरता येतो. त्या मुलीवर संकट ओढवले ते केवळ रोगाने नव्हे, लपवालपवीने ओढवले. आणि लपविण्याचे काम एकट्या मुलीचे नसते. ती दार लावून घेते हे खरे, परंतु बाहेरून कडी घालणारे हात आपले असतात. आजच्या माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

आपल्या महाराष्ट्राने हा प्रश्न प्रथम विधवांच्या रूपाने पाहिला. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. परंतु रूढीने तो मानला नाही. कोवळ्या वयात विधवा झालेल्या मुली घराच्या अंधाऱ्या खोलीत राहत, आणि पुष्कळदा घरातल्याच कोणा पुरुषाची शिकार होत. जोतीराव फुले यांनी १८८४ साली लिहिलेल्या एका निवेदनात काशीबाई नावाच्या विधवेची हकीगत दिली आहे. ती पुण्यात एका घरी स्वयंपाकाचे काम करीत असे. एका शास्त्र्याने तिला फसविले. दिवस गेले, मूल झाले, आणि अब्रूच्या भयाने तिने त्या मुलाचा जीव घेऊन ते विहिरीत टाकले. न्यायालयाने तिला जन्मभर काळ्या पाण्याची शिक्षा दिली. कृत्य दोघांचे, शिक्षा भोगावी लागली ती तिला.

जोतीराव व सावित्रीबाई यांनी नुसती हळहळ व्यक्त केली नाही. १८६३ साली त्यांनी पुण्यात आपल्या घराजवळच बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले आणि संकटात सापडलेल्या विधवांनी तेथे येऊन सुरक्षितपणे बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नको तर ठेवून जावे, असे जाहीर केले. तेथे ३५ विधवा बाळंत होऊन गेल्याचे जोतीरावांनी त्याच निवेदनात नमूद केले आहे. अशाच एका विधवेच्या, १८७४ साली जन्मलेल्या मुलाला या दांपत्याने दत्तक घेतले. तोच त्यांचा यशवंत. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी मिळून रोग्यांची शुश्रूषा केली. त्या सेवेतच सावित्रीबाईंना प्लेगाने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या. ज्या मुलाला जगाने जन्मताच नाकारले असते, तो इतरांचे प्राण वाचविण्यास उभा राहिला, हे आपण विसरू नये.

या उदाहरणाने इतरांनाही वाट दिसली. पंढरपूर येथे १८७५ साली प्रार्थना समाजाशी संबंधित सद्गृहस्थांनी टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम काढला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनाच्या जोडीने, समाजाने पतित म्हणून झिडकारलेल्या स्त्रियांकरिता कृपासदन चालविले. आणि आपल्या या नागपुरात, स्वतः लहान वयात वैधव्य आलेल्या कमलाबाई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साह्याने १९२१ साली मातृ सेवा संघाची स्थापना केली. बाळंतपण म्हणजे विटाळ, बाळंतीण म्हणजे घराच्या कोपऱ्यातली अडगळ, असे मानण्याच्या त्या काळात सर्वसाधारण स्त्रीला स्वच्छ खाट व शिकलेली सुईण मिळवून देणे हे केवढे धर्मकार्य होते! माझ्यासारख्या सेविकांच्या पिढ्या त्याच वाटेने चालल्या.

तथापि छप्पर देणाऱ्यांबरोबर प्रश्न विचारणारेही असावे लागतात. १८८१ साली सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला आपल्या नवजात मुलाच्या हत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली व ती पुढे अपिलात कमी करण्यात आली. त्यावर वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीची जी निंदा झाली, ती वाचून आपल्या विदर्भातील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हा निबंध छापून प्रसिद्ध केला. ज्या दोषांबद्दल स्त्रीला फासावर चढवावयास निघता ते पुरुषांत नाहीत काय, हा त्यांचा रोकडा सवाल होता. त्याला दीड शतक होत आले. उत्तर अद्याप पुरते मिळालेले नाही.

लांब कशाला, आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याकडे पहा. झरी जामणी आणि पांढरकवडा या भागांत कोलाम, गोंड इत्यादी आदिवासी समाजांतील कित्येक मुली, बाहेरून आलेल्या ठेकेदार व व्यापारी लोकांच्या आमिषांना बळी पडून, लग्नावाचून माता झाल्या. गेली पुष्कळ वर्षे हा विषय वर्तमानपत्रांतून व विधिमंडळातून गाजत आहे. त्या मुलींना एक नावही मिळाले आहे, 'कुमारी माता'. परंतु त्या पुरुषांसाठी मात्र आपल्या भाषेत कोणतेही नाव निघाले नाही. डाग ज्याने लावला तो बिननावाचा हिंडतो, आणि जिला लागला तिची ओळख तोच डाग होऊन बसतो. शिवाय त्यांतील ज्या मुली १८ वर्षांच्या आतील असतील, त्यांच्या बाबतीत २०१२ च्या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यान्वये ती मुलगी अत्याचारपीडित बालक होय. तिच्या वर्तनाची चर्चा करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता थोडे आपल्या स्वतःच्या घराकडे पाहू. दुसऱ्यांचे दोष सांगून आपले झाकणे हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. निराधार अर्भकाला आसरा देण्याची आपल्या ख्रिस्तसभेची परंपरा फार जुनी आहे. रोममधील सांतो स्पिरितो रुग्णालयाच्या भिंतीत बसविलेले, मूल आत ठेवून फिरविण्याचे चाक परंपरेने पोप तिसरे इनोसंट यांच्या नावाशी जोडले जाते. अशा दयेचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु आसरा देणारे घर जेव्हा लज्जेच्या पायावर उभे राहते, तेव्हा त्याचे काय होते, हे आयर्लंडसारख्या कॅथलिक देशाने दाखवून दिले. तेथील शासनाने नेमलेल्या आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२२ ते १९९८ या काळातील १८ संस्थांची त्याने चौकशी केली. त्यांत सुमारे ५६,००० अविवाहित माता व ५७,००० मुले राहून गेली, आणि त्या मुलांपैकी सुमारे ९,००० मुले दगावली. त्यांतील कित्येक संस्था धर्मभगिनींनी चालविलेल्या होत्या. १३ जानेवारी २०२१ रोजी तेथील पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. तेथील आर्चबिशपांनी आणि धर्मभगिनींच्या संघानेही मागितली.

त्या अहवालातील एक निष्कर्ष माझ्या मनात घर करून राहिला आहे. या स्त्रियांना जी कठोर वागणूक मिळाली तिची मुख्य जबाबदारी मुलांच्या बापांवर व त्या स्त्रियांच्या स्वतःच्या कुटुंबीयांवर येते, आणि शासनाने व धर्मसंस्थांनी त्या वागणुकीला आधार दिला, असा त्याचा आशय आहे. म्हणजे त्या उंच भिंती केवळ संस्थांनी बांधल्या नव्हत्या. प्रत्येक घराने आपापली वीट नेऊन दिली होती.

फुले दांपत्याचे घरही गुप्तच होते. मग भेद कोठे? भेद हा की, तेथे गुप्तता स्त्रीच्या रक्षणासाठी होती, आणि येथे ती इतरांच्या अब्रूच्या रक्षणासाठी झाली. एकीकडे पडदा तिच्या हाती होता. दुसरीकडे तिच्यावर टाकलेला होता.

याबाबत शास्त्र काय शिकविते? मत्तयकृत शुभवर्तमानाचा पहिला अध्याय आपण दर नाताळात ऐकतो, परंतु संत योसेफाच्या त्या एका रात्रीचा विचार आपण कितीसा करतो? मरियेचे गर्भधारण पवित्र आत्म्यापासून होते हे आपण श्रद्धेने जाणतो. योसेफाला ते अद्याप ठाऊक नव्हते. त्याच्यापुढे होती ती वाग्दत्त झालेली आणि गर्भवती असलेली एक तरुण मुलगी. मोशेच्या नियमशास्त्रात अशा प्रसंगी कठोर दंड सांगितलेला होता. योसेफ नीतिमान होता असे शुभवर्तमान म्हणते, आणि त्या नीतिमत्तेचा पुरावा कोणता? तर तिची बेअब्रू करण्याची त्याची इच्छा नव्हती, हा. देवदूत स्वप्नात येण्यापूर्वीच त्याने हे ठरविले होते. सत्य कळण्याआधी जो दया करतो, त्यालाच पुढे सत्य कळते. ज्या दोन शब्दांनी आपण वेदीवरील मातेचा गौरव करतो, तेच दोन शब्द झरी जामणीच्या मुलींना हिणविण्यासाठी वापरले जातात, हे ध्यानी आल्यावर आपली मान खाली गेली पाहिजे.

कोणी म्हणेल, "बाई, अशाने पापाला उत्तेजन मिळेल." शुद्धतेविषयीची ख्रिस्तसभेची शिकवण मला प्रिय आहे, तिच्यात उणे करण्याचा माझा हेतू नाही. परंतु न जन्मलेल्या जीवाचे रक्षण झालेच पाहिजे असे आपण आवेशाने सांगतो ना? मग ज्या मुलीने भय, एकटेपणा व दारिद्र्य सोसूनही ते मूल जन्माला घातले, तिच्याकडे पाठ फिरविणे ही त्या शिकवणीची थट्टाच नव्हे काय? लज्जेने कोणी शुद्ध होत नाही. लज्जेने फार तर गर्भ लपतो, आणि कधी कधी त्याचा जीव जातो.

ख्रिस्तसभेनेही या बाबतीत आपले पाऊल पुढे टाकले आहे. १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणे विवाहबाह्य जन्मलेल्या पुरुषाला विशेष परवानगीवाचून गुरुदीक्षा मिळत नसे. १९८३ च्या संहितेने ही अडचण काढून टाकली. त्याच संहितेच्या ८७७ व्या कलमात अविवाहित मातेच्या मुलाची बाप्तिस्म्याच्या वहीत नोंद कशी करावी हे सांगितले आहे. मातृत्व उघडपणे सिद्ध असेल, किंवा तिने स्वेच्छेने लेखी अथवा दोन साक्षीदारांसमोर मागितले तर आईचे नाव घालावे. पिता सरकारी कागदाने अथवा स्वतःच्या कबुलीने सिद्ध झाला तर त्याचे घालावे. नाही तर नुसते मुलाचे नाव लिहावे. या नियमात निंदेचा एक शब्द नाही. २०१२ साली ब्यूनस आयर्सचे आर्चबिशप असताना कार्डिनल बेर्गोलिओ यांनी, म्हणजे पुढील पोप फ्रान्सिस यांनी, अशा मुलांना बाप्तिस्मा नाकारणाऱ्या धर्मगुरूंची कडक शब्दांत कानउघाडणी केली होती. आणि १३ डिसेंबर २०२३ च्या एका पत्रात व्हॅटिकनच्या श्रद्धाविषयक विभागाने, अविवाहित माता लोकांच्या कठोरपणाच्या भयाने ख्रिस्तप्रसादापासून दूर राहतात याविषयी चिंता व्यक्त केली व पापनिवेदन करून त्यांनी ख्रिस्तप्रसाद घ्यावा असे उत्तेजन दिले. दार उघडे आहे. वाटेत उभे आहोत ते आपण.

देशाचा कायदाही बदलला आहे, आणि तो ठाऊक असणे हे प्रत्येक आईबापाचे कर्तव्य होय. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, अविवाहित माता मुलाच्या पित्याचे नाव न सांगता व त्याला नोटीस न देता स्वतः मुलाची पालक होऊ शकते, आणि तिने प्रतिज्ञापत्र दिल्यास मुलाचा जन्मदाखला तिला मिळाला पाहिजे. हा लढा लढणारी स्त्री ख्रिस्ती होती, हे मी मुद्दाम सांगते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर प्रथम आईचे नाव लिहावे असे महाराष्ट्र शासनाने ठरविले आहे. आणि ज्या मातेला मूल सांभाळणे खरोखरच अशक्य असेल, तिला २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ३५ व्या कलमान्वये मूल बाल कल्याण समितीकडे रीतसर सोपविता येते. त्यानंतरही विचार बदलण्यासाठी तिला दोन महिन्यांची मुदत असते. मूल उकिरड्यावर टाकणे हा गुन्हा आहे. समितीपुढे सोपविणे हा गुन्हा नव्हे. १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी, आणि १८१ वर स्त्रियांसाठी साह्य मिळते. हे क्रमांक आपल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत.

आता आपण करावयाचे काय? मोठ्या संस्था काढण्याचे सामर्थ्य प्रत्येकाच्या अंगी नसते. परंतु तीन गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत. पहिली: मुलगी वयात येताच आईने तिच्याशी शरीराविषयी मोकळेपणाने बोलावे, आणि "काहीही घडले तरी प्रथम मजकडे ये" हे शब्द तिला संकट येण्यापूर्वीच ऐकवून ठेवावेत, संकट आल्यावर ते सुचत नाहीत. तद्वतच बापाने मुलाला त्याच्या जबाबदारीविषयी तितक्याच स्पष्टपणे सांगावे. दुसरी: दिवस गेल्याचे कळताच, लग्न झालेले असो वा नसो, त्याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्यावे. रक्तदाबाला विवाहाचा दाखला लागत नाही. तिसरी, आणि सर्वांत कठीण: आपल्या जिभेला आवर घालावा. मिस्सा आटोपल्यावर फाटकापाशी जी कुजबूज चालते, तिच्याने किती दारे आतून बंद होतात हे कुजबुजणाऱ्यांना कधी कळत नाही.

बंधुभगिनींनो, त्या रात्रीच्या आईचा प्रश्न मी आपणांपुढे ठेवून आटोपते घेते. "कुणाला कळणार तर नाही ना?" असे तिने विचारले, कारण कळल्यावर काय होईल हे तिला पुरते ठाऊक होते. आपल्या या धर्मग्रामात एखाद्या आईवर तसा प्रसंग आला, तर तिने निर्भयपणे आपल्यापैकी कोणाचे तरी दार ठोठवावे, आणि दार उघडणाऱ्याने प्रथम विचारावे, "मुलगी बरी आहे ना? आधी आत या." एवढे जरी आपण शिकलो, तरी महोत्सवाचे रणशिंग आपल्याकडे खरोखर वाजले असे मी समजेन.

संत योसेफाची मध्यस्थी आपणांस लाभो, आणि दयाळू प्रभू आपल्या घरांचे व आपल्या जिभांचे रक्षण करो. आमेन.